क्रेडिट कार्डाची थकबाकी घरखर्चातून फेडायची, तर आधी क्रम नीट लावा

पगार जमा झाला की जोशात कार्डावर मोठी रक्कम भरायची, वीस तारखेच्या आसपास खातं रिकामं झालं की तेच कार्ड पुन्हा काढायचं, आणि पुढच्या बिलात थकबाकी जिथल्या तिथे. हे चक्र बहुतेक घरांत याच पद्धतीने चालतं. फेडायची इच्छा असते, पैसेही भरले जातात, पण क्रम उलटा असतो. आधी कार्डाला पैसे आणि उरलेल्यात घर, असं केलं की घर पुन्हा कार्डाकडेच जातं. आधी घराचा खरा हिशेब, मग कार्डाची रक्कम, असा क्रम खाली दिला आहे. टप्पे वगळू नका. विशेषतः तिसरा आणि चौथा, कारण तेच सगळ्यात जास्त वगळले जातात.

पूर्वतयारी: काय हाताशी हवं

प्रत्येक कार्डाची मागच्या तीन महिन्यांची स्टेटमेंट, पगाराच्या खात्याचं तेवढ्याच काळाचं स्टेटमेंट, एक वही किंवा स्प्रेडशीट, आणि निवांत दोन तास. शिवाय घरात खर्च करणारी दुसरी व्यक्ती समोर बसलेली हवी. एकट्याने गुपचूप आखलेलं बजेट पहिल्या दोन आठवड्यांतच मोडतं, कारण दुसऱ्याला ते माहीतच नसतं. थकबाकीचा आकडा जोडीदारापासून लपवून फेडीची योजना करता येत नाही. तो संवाद अवघड वाटत असेल तरी तो आधीच उरकून घ्या.

टप्पा १: कार्ड वापरातून बाहेर काढा

कार्ड कपाटात ठेवून भागत नाही. खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेला कार्ड नंबर, आपोआप नूतनीकरण होणारी सबस्क्रिप्शन, फोनचं बिल, घरच्यांच्या हातातलं ॲड-ऑन कार्ड, सगळीकडून ते काढावं लागतं. स्टेटमेंटवर खुणा करत जा: दरमहा आपोआप जाणारी प्रत्येक रक्कम वेगळ्या रंगाने अधोरेखित करा. ज्याची गरज नाही ते बंद करा, ज्याची आहे ते बँक खात्याला जोडा.

हे आधी का करायचं? बिनव्याजी मुदत साधारणपणे पूर्ण बिल भरणाऱ्यालाच मिळते. थकबाकी पुढे गेली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीलाही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणजे एकीकडे फेडताना दुसरीकडे केलेली छोटीशी खरेदीसुद्धा लगेच व्याजावर जाते. रिवॉर्ड पॉइंटसाठी कार्ड चालू ठेवायचा मोह होतो. पॉइंटची किंमत खर्चाच्या एक-दोन टक्क्यांच्या घरात असते आणि व्याज त्याच्या कितीतरी पट. सोडून द्या.

सावधान: कार्डाने एटीएममधून रोख काढू नका. त्यावर शुल्क लागतं आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं.

कार्ड बंद करायचा अर्ज मात्र आत्ताच करू नका. तो प्रश्न शेवटी.

टप्पा २: स्टेटमेंट ओळीओळीने वाचा

बहुतेक जण दोनच आकडे पाहतात: एकूण देय आणि किमान देय, म्हणजे लेट फी टाळायला निदान भरावीच लागणारी रक्कम. वाचायचं ते त्यांच्या मधलं असतं. प्रत्येक कार्डासाठी वहीत एक ओळ आखा आणि हे रकाने भरा: एकूण थकबाकी, मासिक व्याजदर, किमान रक्कम, स्टेटमेंटची तारीख, भरण्याची शेवटची तारीख, आणि चालू ईएमआयचं उरलेलं मुद्दल.

ईएमआयचा रकाना हमखास चुकतो. एखादी खरेदी हप्त्यांत बदलून घेतली असेल तर 'एकूण देय' रकमेत सहसा फक्त या महिन्याचा हप्ता धरलेला असतो. पुढचे हप्ते त्यात दिसत नाहीत. त्यामुळे लोक आपलं कर्ज कमी समजतात. उरलेलं मुद्दल स्टेटमेंटच्या शेवटी किंवा ॲपमध्ये वेगळं सापडतं. ते शोधून लिहा.

आता व्याजाची ओळ. समजा दराच्या ठिकाणी महिना ३ टक्के लिहिलं आहे. ऐकायला किरकोळ वाटतं. १२ ने गुणलं तर ३६ टक्के होतात, आणि न भरलेलं व्याज मुद्दलात मिळून त्यावर पुन्हा व्याज चढत गेलं तर वर्षाला ते साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं.

दुसरा गैरसमज त्याहून महाग पडतो. समजा ५०,००० ची एकच खरेदी आहे, बिल आलं आणि शेवटच्या तारखेला तुम्ही ४५,००० भरले. पाच हजार राहिले, म्हणजे व्याज पाच हजारांवर, असं वाटतं. पण अनेक कार्डांच्या अटींनुसार पूर्ण बिल न भरल्यास व्याज खरेदीच्या दिवसापासून पूर्ण ५०,००० वर मोजतात, तुम्ही पैसे भरले त्या दिवसापर्यंत. त्यानंतर उरलेल्या पाच हजारांवर. खरेदी आणि भरणा यांत ४० दिवस गेले असतील तर महिना ३ टक्क्यांनी ते सुमारे १,९७० होतात. पाच हजार मागे ठेवल्याची ही किंमत. तुमच्या कार्डाची नेमकी पद्धत करारातल्या अटींत 'व्याज आकारणी' या भागात लिहिलेली असते. कंटाळवाणी पानं आहेत, पण तेवढा परिच्छेद वाचाच.

याच वाचनात लेट फी, मर्यादा ओलांडल्याचा दंड, कधीतरी फोनवर 'हो' म्हटल्यामुळे सुरू झालेला कार्ड-संरक्षण विमा अशाही ओळी सापडतील. नको असलेली सेवा लेखी कळवून बंद करा. चुकीची आकारणी दिसली तर तक्रारीची मुदत असते, थांबू नका.

तपासून घ्या: सगळ्या कार्डांची बेरीज एका आकड्यात लिहिली का? मनात होता त्यापेक्षा तो बहुधा मोठा असतो. आपलं काम त्याच आकड्यावरून सुरू होतं.

टप्पा ३: घरखर्चाचा खरा आकडा काढा

'किती खर्च व्हायला हवा' हे इथे लिहायचं नाही. तीन महिन्यांत प्रत्यक्ष किती झाला ते लिहायचं. एका महिन्यावर विसंबू नका. एखादा महिना नेहमीच वेगळा निघतो. खात्याचं स्टेटमेंट घेऊन प्रत्येक खर्च तीन रकान्यांपैकी एकात टाका.

पहिला रकाना ठरलेल्या खर्चांचा: भाडं किंवा घराचा हप्ता, इतर कर्जांचे हप्ते, वीज, फोन, इंटरनेट. दुसरा कमी-जास्त होणाऱ्यांचा: किराणा, प्रवास, बाहेरचं खाणं, कपडे, किरकोळ. तिसरा अधूनमधून येणाऱ्यांचा.

सगळ्या योजना या तिसऱ्या रकान्यावर आपटतात, म्हणून इथे वेळ घाला. विम्याचा वार्षिक हप्ता, मुलांची फी, वाहनाची सर्व्हिसिंग, चष्मा, दाताचं काम, घरातली दुरुस्ती, कुणाच्या तरी लग्नाला जाण्याचा प्रवास आणि भेटवस्तू. यांतलं काहीच 'अचानक' नसतं. विम्याची तारीख वर्षभर आधी माहीत असते. तरी तो खर्च आला की 'या महिन्यात जरा अडचण आहे' म्हणून कार्ड पुढे होतं. तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये हे सगळे खर्च दिसणार नाहीत, म्हणून कॅलेंडर घेऊन बारा महिने एकेक करून आठवा.

नमुन्यादाखल: विमा १८,०००, फी ३०,०००, वाहन १२,०००, भेटवस्तू व प्रवास ६,०००, औषधोपचार ६,०००. बेरीज ७२,०००, म्हणजे महिन्याला ६,०००. ही रक्कम दरमहा वेगळी काढली नाही तर तुमचं बजेट कागदावर जितकं शिल्लक दाखवतं त्यातले सहा हजार खोटे आहेत. मग तेवढ्या शिलकीच्या भरवशावर कार्डाची रक्कम ठरवली की मोडणारच.

पहिल्या वर्षी आणखी एक खोच आहे. विमा दोन महिन्यांवर आला असेल तर १८,००० ला बाराने भागून उपयोग नाही. दरमहा ९,००० काढावे लागतील. म्हणून पहिल्या वर्षापुरतं प्रत्येक खर्चाला 'तारखेपर्यंत उरलेल्या महिन्यांनी' भागा. सुरुवातीचे काही महिने कार्डाला कमी पैसे जातील. ते मान्य करा.

तपासून घ्या: उत्पन्नातून तिन्ही रकाने वजा करून काय उरतं? सगळ्या कार्डांच्या किमान रकमांची बेरीज त्यात बसते का? बसत नसेल तर थेट सातव्या टप्प्याच्या शेवटी दिलेली सूचना वाचा.

टप्पा ४: हाताशी थोडी रोकड ठेवा, मगच फेडायला लागा

सगळी शिल्लक कार्डात ओतायची घाई होते. तसं केलं आणि आठवड्याने फ्रीज बिघडला की पुन्हा कार्ड. आधी साधारण दोन ते चार आठवड्यांच्या दुसऱ्या रकान्याएवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाका. सहा महिन्यांच्या खर्चाची तरतूद वगैरे नंतर; ३६ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना तेवढा पैसा बचत खात्यात झोपवणं परवडत नाही.

उलट, आधीच ठेवी असतील तर? ठेवीवरचं व्याज कार्डाच्या व्याजाच्या जवळपासही जात नाही. हाताशी ठेवायची रक्कम सोडून बाकीची ठेव मोडून कार्ड फेडणं हाच हिशेब बरोबर. मुदतपूर्व मोडल्याचा दंड धरूनही बहुतेक वेळा तोच फायद्याचा निघतो. 'ठेवीला हात लावायचा नाही' ही शिस्त एरवी चांगली आहे, इथे ती महाग पडते. निवृत्तीची शिल्लक आणि विमा मात्र यातून वगळा.

टप्पा ५: रक्कम ठरवा, ती उतरू देऊ नका

किमान रक्कम टक्क्यांत मोजली जाते. त्यामुळे थकबाकी घटली की किमान रक्कमही घटते, आणि फेड लांबत जाते. आकडे पाहा. थकबाकी १,००,०००, व्याज महिना ३ टक्के, नवी खरेदी काही नाही, किमान रक्कम व्याजासकट होणाऱ्या बाकीच्या ५ टक्के. पहिल्या महिन्यात किमान ५,१५०. दरमहा फक्त 'किमान' भरत गेलात, तर ३० महिन्यांनंतरही सुमारे ५२,००० बाकी असतील.

आता तेच ५,१५० पकडा आणि बिलात किमान रक्कम कितीही कमी छापून येवो, दरमहा ५,१५० च भरा. त्याच ३० महिन्यांत थकबाकी संपते. खिशाला सुरुवातीला एक पैसाही जास्तीचा लागत नाही.

रक्कम वाढवली की फरक आणखी मोठा. दरमहा ८,००० भरले तर १६ महिने आणि सुमारे २७,००० व्याज. ५,१५० वर तेच व्याज ५२,००० च्या घरात जातं. १०,००० भरले तर बारा महिने आणि तेराव्यात किरकोळ. ३,००० भरत असाल तर ते फक्त व्याज आहे, मुद्दल जागचं हलत नाही.

भरायचं कधी? पगाराच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. व्याज दिवसागणिक मोजतात, म्हणून लवकर भरलेल्या पैशाचं व्याज तितके दिवस वाचतं. आणि खात्यात पडून राहिलेला पैसा खर्च होतो, हे वेगळं सांगायला नको.

सावधान: स्टेटमेंट निघण्याआधी भरलेली रक्कम पुढच्या बिलाच्या 'किमान' मध्ये धरली जाईलच असं नाही. मोठी रक्कम लवकर भरली तरी स्टेटमेंट निघाल्यावर किमान रक्कम शून्य झाली का ते पाहा. नाहीतर भरपूर पैसे भरूनही लेट फी लागते. यावर उपाय म्हणून किमान रकमेचं ऑटो-पे लावून ठेवा. ती तारीख चुकू नये यासाठीची सोय आहे, फेडीची योजना नव्हे.

घरचा खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी दुसऱ्या रकान्याची रक्कम आठवड्यांत वाटा. इथे एक साधी चूक होते: महिन्याचे चार भाग करतात. महिना चार आठवड्यांहून दोन-तीन दिवस मोठा असतो, आणि नेमके तेच दिवस कोरडे जातात. २८ तारखेनंतरच्या दिवसांसाठी पाचवा, छोटा भाग आधीच बाजूला काढा. पैसे आठवड्याला एकदा वेगळ्या खात्यात वळवा किंवा रोख काढा. संपले की पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायचं.

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला हिशेब न देता खर्च करायला थोडे पैसे ठेवा. रक्कम छोटी असली तरी चालेल, शून्य नको. सगळं बंद केलेलं बजेट दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एका मोठ्या खरेदीने फुटतं.

टप्पा ६: कार्डं अनेक असतील तर

सगळ्यांवर किमान, आणि जास्तीची सगळी रक्कम एकाच कार्डावर. सगळीकडे थोडं थोडं वाटू नका. जास्त व्याजाचं कार्ड आधी घेतलं तर एकूण व्याज सर्वांत कमी जातं. काही जण सर्वांत छोटी थकबाकी आधी संपवतात. एक कार्ड लवकर संपल्याने हुरूप येतो. माझं मत असं: दरांत फारसा फरक नसेल तर छोटं आधी संपवा, दर बरेच वेगळे असतील तर महाग कार्ड आधी. सवलतीचा दर असलेलं कार्ड शेवटी ठेवा, पण ती सवलत कधी संपते ती तारीख वहीत ठळक लिहा.

एक कार्ड संपलं की त्यावर जाणारी पूर्ण रक्कम पुढच्या कार्डावर वळवा. हे न करणं ही नेहमीची चूक; 'आता जरा मोकळीक' म्हणत ती रक्कम घरखर्चात विरघळते.

टप्पा ७: व्याजदर कमी करता येतो का पाहा

हा टप्पा सातवा आहे, पहिला नाही. घरखर्चाची घडी बसण्याआधी कर्ज स्वस्त करून घेतलं की जुनं कार्ड रिकामं होतं, त्याची मर्यादा मोकळी होते, आणि वर्षभरात दोन्हीकडे कर्ज दिसतं.

घडी बसली असेल तर तीन वाटा आहेत: बँकेला थकबाकी ईएमआयमध्ये बदलून मागणे, कमी दराच्या दुसऱ्या कार्डावर थकबाकी हलवणे (बॅलन्स ट्रान्सफर), किंवा पर्सनल लोन घेऊन कार्ड एकदम बंद करणे. तिन्हींत दरासोबत प्रक्रिया शुल्क, कर आणि मुदतपूर्व फेडीचा दंड विचारा. 'दर फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर?' हा प्रश्न न विसरता विचारा. फ्लॅट म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर. एका वर्षाच्या कर्जावर फ्लॅट १२ टक्के म्हणजे घटत्या शिलकीवर सुमारे साडेएकवीस टक्के. तरीही ते ३६ पेक्षा कमीच आहे, पण १२ समजून सही करू नका. हप्ता लहान दिसावा म्हणून मुदत लांबवली तर वाचलेलं व्याज तिथेच परत जातं.

घर किंवा दागिने तारण ठेवून कार्ड फेडायचा सल्ला मिळेल. दर खरोखर कमी असतो. पण कार्डाच्या थकबाकीमागे सहसा तारण नसतं. ते बदलून घेतलं की हप्ता चुकल्यावर वस्तू जाते. अगदी पक्कं उत्पन्न असल्याशिवाय नको.

किमान रक्कमही भरता येत नसेल तर: हप्ता चुकण्याआधी बँकेला स्वतः फोन करा आणि परतफेडीची सोय मागा. 'सेटलमेंट' म्हणून काही रक्कम माफ करायची तयारी दाखवली जाते. पण ती नोंद क्रेडिट अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासात, 'सेटल्ड' म्हणून राहते आणि पुढच्या कर्जाला आड येते. दुसरा मार्ग नसेल तरच स्वीकारा, आणि अटी लेखी हातात आल्याशिवाय पैसे भरू नका.

दर महिन्याचा ताळा

स्टेटमेंट आलं की वीस मिनिटं. थकबाकी मागच्या महिन्यापेक्षा कमी झाली का? भरलेली रक्कम वजा लागलेलं व्याज, एवढीच ती कमी व्हायला हवी. तेवढी उतरलेली नसेल तर कुठेतरी नवी खरेदी किंवा शुल्क शिरलं आहे. ती ओळ शोधा.

एखादा महिना बिघडेल. त्या महिन्यात ठरलेली रक्कम जमली नाही तर किमानपेक्षा जास्त जितकी जमेल तितकी भरा, आणि कशामुळे अडलं ते लिहून ठेवा. कारण पुढच्या वर्षी पुन्हा येणारं असेल तर त्याची जागा तिसऱ्या रकान्यात आहे.

टप्पा ८: शेवटचं बिल आणि त्यानंतरचं बिल

शेवटच्या बिलाची पूर्ण रक्कम भरली तरी पुढच्या महिन्यात बहुधा आणखी एक छोटी रक्कम येते. स्टेटमेंट निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते व्याज असतं. 'सगळं तर भरलं' म्हणून लोक ते उघडतही नाहीत, मग त्या किरकोळ रकमेवर लेट फी बसते आणि क्रेडिट अहवालात चुकलेला भरणा दिसतो. सलग दोन स्टेटमेंट शून्याची येईपर्यंत कार्ड संपलं असं धरू नका. घाई असेल तर ठरावीक दिवशी भरायची एकूण नेमकी रक्कम बँकेकडून विचारून घ्या.

कार्ड बंद करायचं असेल तर शून्य झाल्यावर, वार्षिक शुल्काच्या महिन्याआधी अर्ज करा आणि खातं बंद झाल्याचं पत्र किंवा ईमेल जपून ठेवा. बरीच कार्डं असतील तर सर्वांत जुनं ठेवून बाकीची बंद करणं बरं. जुन्या खात्याचा क्रेडिट स्कोअरला आधार असतो.

ठेवलेल्या कार्डाचं ऑटो-पे त्याच दिवशी 'किमान रक्कम' वरून 'एकूण रक्कम' वर बदला. आणि कार्डाला जाणारी दरमहाची रक्कम थांबवू नका. पुढच्या पगारापासून ती तिसऱ्या रकान्याच्या खात्यात वळवण्याची स्थायी सूचना बँकेला देऊन टाका.